एका चौकटीवरच्या सात खुणा: महासर्वेक्षकांना खुलं पत्र

प्रति,
मा. महासर्वेक्षक, भारतीय सर्वेक्षण विभाग, डेहराडून
आणि राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाची अंमलबजावणी पाहणारे सर्व अधिकारी

महोदय,

मी नकाशे रेखतो. मोठं काही नाही. ड्रोनच्या फोटोवर घरांच्या कडा टिपायच्या, पॉलिगॉन, म्हणजे घराच्या कडेची रेघ, बंद करायचा, टेबलातले रकाने भरायचे आणि वेळ पडली तर टॅब घेऊन गल्लीत उतरायचं. असाच एका प्रभागात फिरत असताना एका दारापाशी थबकलो. लाकडी चौकट होती. डावीकडे घरपट्टीचा पत्र्याचा बिल्ला, खिळ्यानं ठोकलेला. त्याखाली आधीच्या आकारणीचा नंबर, तेलरंगात. वरच्या पट्टीवर जनगणनेचा नंबर, अर्धा पुसलेला. शेजारी मीटरच्या पेटीवर वीजग्राहक क्रमांक. भिंतीवर हिवतापवाल्यांनी गेरूनं टाकलेली तारीख. पल्स पोलिओची खडूची खूण. आणि सातवा माझ्या हातातला क्यूआर कोडचा स्टिकर. घरातल्या आजी बाहेर आल्या, चौकटीकडे बघून म्हणाल्या, "लाव बाबा, कुठं जागा उरली असेल तर."

वेगवेगळ्या खात्यांची माणसं सात वेळा त्या दारात येऊन गेली होती. प्रत्येकानं घर मोजलं, प्रत्येकानं आपल्या वहीत लिहिलं, आणि एकाची वही दुसऱ्याला दिसली नाही. घर किती साली बांधलं, भिंती कशाच्या, वर किती मजले, हे त्यातल्या निदान तिघांनी तरी विचारलं असेल. मीही विचारलं. माझं उत्तरही कुठल्या तरी सर्व्हरवर पडून आहे.

हे पत्र आपल्याला लिहितोय त्याचं कारण असं की हा गुंता सुटायचा असेल तर तो आताच, आणि सुटला तर आपल्याच टेबलावर. २०२२च्या डिसेंबरात अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात चौदा मूलभूत विषय ठरवले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं जे चौदा विषय मान्य केले त्याच धर्तीवर. त्यात 'इमारती आणि वस्त्या' हा एक स्वतंत्र विषय आहे. २०३०पर्यंत गावं आणि शहरं ५ ते १० सेंटिमीटर इतक्या बारकाईनं मोजायची, आणि २०३५पर्यंत मोठ्या शहरांच्या डिजिटल जुळ्या प्रतिकृती करायच्या, असं त्याच धोरणात लिहिलं आहे. गावठाणातली घरं मोजणाऱ्या स्वामित्व योजनेत आपल्या विभागाच्या ड्रोननी तीन लाखांहून जास्त गावं पालथी घातली. फेब्रुवारी २०२५मध्ये शहरांतल्या जमिनी मोजायचा 'नक्शा' कार्यक्रम सुरू झाला: १५२ नागरी संस्था, १९४ कोटी रुपये, आणि हवाई मोजणीचा तांत्रिक भार पुन्हा आपल्यावरच. त्याच महिन्यातल्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय भूस्थानिक मिशनला १०० कोटी मिळाले. पुढच्या जनगणनेच्या घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरला. इतकी विमानं, इतकी माणसं, इतका पैसा एकाच वेळी देशाच्या घरांवरून फिरण्याचा योग परत लवकर यायचा नाही.

आणि नेमकी इथंच मला भीती वाटते. या सगळ्यातून आपल्या हाती छपरांचा फार सुंदर नकाशा येईल. इमारतींचा येईलच असं नाही.

छप्पर वरून दिसतं. मी दिवसभर तेच बघतो. पाच सेंटिमीटरच्या फोटोत कौलं मोजता येतात, गच्चीवरच्या टाकीवर बसलेला कावळा दिसतो. पण कौलारू घराच्या पागोळ्या जिथं पडतात तिथं भिंत नसते, ती दोन-अडीच फूट आत असते. मी टिपतो ती पागोळीची रेघ. पाच सेंटिमीटरची अचूकता, आणि भिंत दोन फूट चुकलेली. हे तरी बाहेरच्या मापाचं झालं. आत काय आहे ते तर कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

किल्लारीचं उदाहरण देतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या चार मिनिटं आधी. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप काही जगातला फार मोठा नव्हता. माणसं मारली ती घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, मधे सांधायला नुसता चिखल, वर मातीचं जाड माळवद. हा भाग तेव्हाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणजे जमिनीचा नकाशा लोकांना निर्धास्त राहा म्हणत होता. घरांचा नकाशा असता तर त्यानं वेगळं सांगितलं असतं. पण त्याहून बारीक गोष्ट पुढं आहे. त्याच गावांमध्ये काही घरांत माळवदाचं ओझं भिंतींवर नव्हतं, लाकडी खांबांवर होतं. खणांची घरं. तिथं भिंती कोसळूनही काही ठिकाणी छत उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. आता सांगा, आकाशातून ही दोन घरं वेगळी कशी ओळखणार? दोन्हींचं माळवद सारखंच, रंग मातीचा, कडा चौकोनी. पॉलिगॉन काढायला सांगाल तर मी दोन्हींचे पॉलिगॉन हुबेहूब काढून देईन. ज्या रकान्यानं माणूस जगला की गेला हे ठरलं, तो रकाना रिकामा.

म्हणून माझं मागणं रकान्यांचं आहे, रेषांचं नाही. रेषा कोणीही काढतो. गूगलच्या ओपन बिल्डिंग्जच्या तिसऱ्या आवृत्तीत आफ्रिका, दक्षिण आशिया, आग्नेय आशिया आणि लॅटिन अमेरिका मिळून १८० कोटी इमारतींच्या रेषा फुकट मिळतात, आपला देशही त्यात आला. मायक्रोसॉफ्टच्याही आहेत. आम्ही त्या रोज वापरतो, शिव्याही घालतो (गोठा आणि घर त्यांना एकच, आणि एका ओळीतली आठ घरं कधी कधी एक लांबलचक इमारत होऊन बसतात). पण यंत्राला छपरापलीकडचं विचारायची सोय नाही. ते दारात जाऊन विचारावं लागतं, आणि दारात जायचा अधिकार व सवय सरकारी यंत्रणेलाच आहे.

तर रकाने कुठले? भिंत कशाची आणि ओझं कोण पेलतं, हा पहिला. लोड बेअरिंग (भिंतीच ओझं पेलतात) की आरसीसीचा सांगाडा, एवढं जरी कळलं तरी अर्धी लढाई झाली. तळमजला नुसत्या खांबांवर पार्किंगसाठी मोकळा सोडलेला आहे का, हेही त्यातच. मग बांधकामाचं साल. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या कायद्यात तीस वर्षं झालेल्या इमारतीचं संरचनात्मक लेखापरीक्षण बंधनकारक आहे. चांगला कायदा आहे. पण यंदा तिसावं वर्ष कोणाकोणाला लागलं, हे सांगणारी यादी हवी असेल तर आधी प्रत्येक इमारतीचं जन्मसाल हवं. माणसाच्या वयाचा दाखला आपण पदोपदी मागतो, इमारतीला कोणी विचारत नाही. मजल्यांची संख्या आणि वापर यांवर फार लिहीत नाही, ते सगळ्यांनाच कळतं.

पाचवा रकाना मात्र कोणी मागत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. जोत्याची उंची. रस्त्यापासून घरातली फरशी किती वर आहे, एवढाच आकडा. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. तिथल्या माणसाला कुठल्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरतं हे तोंडपाठ असतं. पण गल्लीत पाणी येणं आणि घरात येणं यात एका जोत्याचं अंतर असतं. एकाच गल्लीत एक जुनं घर पाच पायऱ्या चढून जायचं असतं, आणि समोरचं नवं दुकान रस्त्याच्या पातळीला, कारण गिऱ्हाइकाला पायरी नको. पूररेषेच्या नकाशावर दोन्ही एकाच निळ्या रेषेच्या आत. नाव कोणाच्या दारात आधी न्यायची हे ठरवणाऱ्याला तो नकाशा काहीच सांगत नाही. जमिनीची उंची आपण मोजणारच आहात. सपाट भागात २५ सेंटिमीटरच्या अचूकतेचं उंचीचं प्रारूप करायचं हे धोरणातच आहे. त्यावर पायऱ्यांची संख्या चढवली की काम झालं. पाच पायऱ्या मोजायला लेसर लागत नाही, मीही मोजू शकतो, आणि फिरताना मी त्या मोजायचोही. रकाना नव्हता म्हणून शेऱ्यात लिहायचो. शेरे कोणी वाचत नाही.

आता रकाने ठेवले की ते भरतात कसे, याचा एक प्रसंग. कंत्राटदाराचं नाव सांगत नाही, दोष एकट्या त्याचाही नव्हता. टॅबवरच्या ॲपमध्ये 'बांधकामाचं साल' हा रकाना सक्तीचा होता. भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. पर्यायांत 'माहीत नाही' नव्हतं. उन्हात उभा राहिलेला पोरगा, दिवसाला ठरलेली घरं, दारात भाडेकरू. त्याला काय माहीत घर कधीचं. पोरानं यादीतला पहिला पर्याय दाबला. दुसऱ्यानंही तोच. महिनाभरानं माहिती माझ्याकडे आली, मी सालाप्रमाणे रंग भरले आणि बघतच राहिलो. अख्खा प्रभाग एका रंगाचा. शंभर वर्षांचे वाडे, परवाच्या इमारती, पत्र्याच्या शेड, सगळं एकाच काळात बांधलेलं. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "रकाना शंभर टक्के भरलाय ना?" भरला होता. बिल निघालं.

रिकामा रकाना प्रामाणिक असतो. खोटा भरलेला रकाना हा सापळा असतो, कारण पुढं कोणीतरी त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून प्रत्येक नोंदीपाशी तीन गोष्टी ठेवाच: ही माहिती कोणी दिली, कधी दिली, आणि कशावरून. भोगवटा प्रमाणपत्र बघून लिहिलेलं साल, आजीनं सांगितलेलं साल, आणि छपराच्या रंगावरून संगणकानं अंदाजलेलं साल, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. तिन्ही ठेवा, पण वेगळ्या ठेवा. आणि 'माहीत नाही' हा पर्याय यादीत सगळ्यात वर ठेवा. थकलेला पोरगा पहिला पर्याय दाबतो हे गृहीत धरूनच फॉर्म बनवायला हवा.

या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो मला आजही सुटलेला नाही. एक इमारत म्हणजे काय? जनगणनेची व्याख्या अशी की जमिनीवरचं एक बांधकाम ती इमारत, आणि तिच्यात रस्त्याकडून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र दार असलेला भाग ते 'जनगणना घर'. २०११मध्ये अशी सुमारे ३३ कोटी घरं मोजली गेली, त्यातली जवळजवळ अडीच कोटी रिकामी होती. घरपट्टीवाल्यांची व्याख्या मालकावर चालते. भूमी अभिलेखवाल्यांची हद्दीवर चालते. गावठाणात ड्रोन उडायच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा मारतात त्या मिळकतीच्या असतात, भिंतींच्या नव्हेत. आता एक चौसोपी वाडा घ्या. भाऊवाटणी झालेली. वरून छप्पर एकच, खाली दारं चार, मिळकत पत्रिका तीन (धाकट्याची केस चालू), मीटर पाच. एका भावानं आपला भाग पाडून आरसीसी चढवलं, त्यामुळं एका छपराखाली दोन शतकं नांदतायत. ही एक इमारत की दोन की चार? माझं मत विचाराल तर बांधणी बदलली तिथं इमारत बदलली. सामाईक भिंत असली तरी चालेल. पण माझ्या मताला कोण विचारतो. आपण एक व्याख्या ठरवा, ती कागदावर छापा, आणि जनगणना, महापालिका, भूमी अभिलेख सगळ्यांना तीच पाळायला लावा. ती थोडी चुकली तरी हरकत नाही. चार अचूक व्याख्यांपेक्षा एक ठरलेली बरी.

व्याख्या ठरली की नंबर. जमिनीच्या तुकड्याला आपल्याकडे आता १४ अंकी-अक्षरी भू-आधार आहे. टपाल खात्यानं २०२५मध्ये दहा अक्षरांचा डिजिपिन आणला, तो देशाला सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटतो. दोन्ही कामाचे. पण भू-आधार जमिनीचा आहे आणि डिजिपिन जागेचा; इमारतीचा कोणीच नाही. एका मोठ्या इमारतीवर डझनावारी डिजिपिन पडतात, आणि उलट तळमजल्यापासून बाराव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना एकच. इमारत पाडली तरी डिजिपिन तिथंच, नवी बांधली तरी तोच. मग जुनी पडकी इमारत आणि नवी यांच्यात फरक करायचा कसा?

नेदरलँड्समध्ये हे कसं करतात ते पाहिलं आणि मला थोडा मत्सर वाटला. तिथं पत्ते आणि इमारतींची मूळ नोंदवही कायद्यानं ठेवलेली आहे. प्रत्येक इमारतीला सोळा आकड्यांचा ओळख क्रमांक, आणि तो क्रमांक बांधकाम परवानगी मिळाल्यापासून लागतो. मग बांधकाम सुरू, वापरात, पाडली, अशा अवस्था त्याच क्रमांकावर नोंदत जायच्या. पाडल्यावर क्रमांक निवृत्त होतो, दुसऱ्याला दिला जात नाही. साल, वापर, क्षेत्रफळ सगळं खुलं, कोणीही उतरवून घ्यावं. नोंदीची जबाबदारी नगरपालिकांची. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम असा की सरकारी खात्याला त्या नोंदीत काही चुकीचं वाटलं तर गप्प बसायची मुभा नाही, कळवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे अग्निशमनवाल्याला इमारत सात मजली दिसते, कागदावर चार असते, आणि तो आपल्या वहीत सात लिहून पुढं जातो. खुणा करणाऱ्या त्या सगळ्या खात्यांवर हा एक नियम लावला तर चौकटीवर एकच खूण पुरली असती.

आपल्याकडे हे अशक्य आहे असं मला वाटत नाही, कारण कागद आहेत. बांधकाम परवानगी आहे, जोते तपासणी आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे. नव्या इमारतीला परवानगीच्या कागदावरच नंबर द्या; जोतं तपासायला माणूस जातोच, त्यानं उंची लिहावी; भोगवटा देताना साल आणि मजले नोंदीत आपोआप पक्के व्हावेत. नव्या बांधकामांचं दुखणं इथंच संपतं. जुन्यांचं नाही, आणि ज्यांना परवानगीच नव्हती त्यांचं तर मुळीच नाही.

त्यांच्याबद्दल लिहिलंच पाहिजे, नाहीतर हे पत्र ऑफिसात बसून लिहिलेलं ठरेल. मी दारात उभा राहून "मजले किती?" असं विचारलं की उलट प्रश्न ठरलेला: "घरपट्टी वाढणार का?" एका गृहस्थांनी मला अंगणात खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळी माहिती दिली, आणि मजला मात्र एकच सांगितला. त्यांच्या डोक्यावर जिना दिसत होता. मी जिन्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो पोटमाळा आहे," म्हणाले. पोटमाळ्याला बाल्कनी होती. मी एक लिहिलं. त्यांच्याशी खोटं बोलायला मी गेलो नव्हतो, पण मी गेलो होतो तो कराच्या कामाला, आणि ते त्यांना ठाऊक होतं. झोपडपट्टीत हे आणखी टोकाचं. तिथं नकाशावर न येणं ही भीती आहे आणि येणं हीसुद्धा. आलं नाही तर नळ नाही, पुनर्वसनात नाव नाही. आलं तर अतिक्रमणाची नोटीस. चिकटवलेला स्टिकर रातोरात खरवडून काढलेला मी पाहिलाय, आणि पुढच्याच गल्लीत "आमच्या घराला का नाही लावला?" म्हणून अडवणारी बाईही पाहिली.

म्हणून इमारतींचा राष्ट्रीय थर, म्हणजे देशाच्या नकाशावरची इमारतींची वेगळी माहिती, करातून किंवा हद्दीच्या भांडणातून जन्माला येऊ देऊ नका. त्यात मालकाचं नाव नको, राहणाऱ्याचं नको, अधिकृत की अनधिकृत हा रकानाही नको. तो ज्या खात्याला हवा त्यानं आपल्याकडे ठेवावा. भिंत दगडाची आहे हे सांगून कोणाची अब्रू जात नाही. पण त्या भिंतीमागं कोण राहतं हे त्याच ओळीत लिहिलं की जाते. जनगणनेनं हा धडा केव्हाच घेतला आहे. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५नं घरागणिक नोंदी कोणाला बघायला मिळत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. त्यामुळंच लोक जनगणनेवाल्याला खरं सांगतात. २०११च्या घरयादीत भिंतीचं साहित्य विचारताना 'दगड, चुना-सिमेंटनं सांधलेला' आणि 'दगड, न सांधलेला' हे दोन पर्याय वेगळे होते. किल्लारीत कोसळलेल्या भिंती या दुसऱ्या प्रकारच्या होत्या! म्हणजे देशाला हा प्रश्न विचारता येतो, लोक उत्तरही देतात. पण ते उत्तर आपल्यापर्यंत येतं ते तक्त्यांतून. बीएमटीपीसी या केंद्राच्या बांधकाम साहित्य परिषदेचा असुरक्षितता ॲटलास १९९७पासून तीनदा निघाला, फार मोलाचं काम आहे, पण तोही जिल्ह्याच्या तक्त्यात बोलतो. जिल्ह्यात इतकी टक्के घरं दगडमातीची, हे कळून बचाव पथकाला कुठल्या गल्लीत शिरायचं ते कळत नाही.

जनगणनेची कुलपं तोडा असं मी म्हणत नाही, तोडूच नयेत. उलटी वाट सुचवतो. इमारतीचा नंबर आणि ते पाच रकाने आधी आपल्या थरात असावेत, आणि जनगणनेनं घरयादीला निघताना तोच नंबर उचलावा. माणसांची माहिती त्यांच्या कुलपात, भिंतींची सगळ्यांसमोर. या खेपेला जमलं नाही तर निदान पुढच्या खेपेला चौकटीवर नवा आकडा रंगवायची पाळी येऊ नये.

सगळ्यांसमोर म्हणताना अर्थ शब्दशः घ्यावा ही विनंती. नकाशे आणि भूस्थानिक माहितीबद्दलच्या १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी आम्हा नकाशावाल्यांचं खरोखर आयुष्य बदललं. त्याआधी परवानग्यांच्या फायली घेऊन जे हिंडले त्यांनाच त्याची किंमत कळेल. पण त्याच सूचनांत सार्वजनिक पैशातून झालेली माहिती सरकारी खात्यांना मोफत आणि इतरांना 'रास्त व पारदर्शक' दरानं, असं आहे. इमारतींच्या थरापुरता हा दर शून्य करा. घर घेणारी नवी जोडी, जुन्या वाड्यांचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी, सोसायटीचा सेक्रेटरी, गावचा सरपंच, यांतलं कोणी दर विचारायला डेहराडूनला पत्र लिहिणार नाही. इंग्लंडात पत्त्यांचे ओळख क्रमांक २०२०मध्ये खुले झाले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला २०१७मध्ये आग लागून ७२ माणसं गेली तेव्हा बाहेरचं आवरण कुठल्या कुठल्या इमारतींना कसलं आहे हे शोधत बसावं लागलं होतं. आता तिथली सर्वेक्षण संस्था आपल्या राष्ट्रीय माहितीत बांधकामाचं साहित्य, वय, मजले, तळघर असे रकाने देते. त्यांना माणसं गमावून हे सुचलं. आपण तर आधीच गमावली आहेत.

जाता जाता एक आठवण काढतो, आपल्याच विभागाची. १८०२मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज सर्वेक्षकानं महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली. पुढं सपाट प्रदेशात उंच जागा मिळेना म्हणून त्यांनी देवळांचा आधार घेतला. १८०८मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना अर्ध्या टनाचा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) आपटला, आणि लॅम्ब्टननं तो स्वतः बसून दुरुस्त केला. १८२३मध्ये नागपूरच्या वाटेवर तो हिंगणघाटला वारला, कबर तिथंच आहे. त्या काळात सर्वेक्षकाला इमारत लागायची ती वर उभं राहून लांबचं बघायला. ती स्वतः कशाची आहे, किती ओझं पेलेल, हे निदान त्या मंदिरावर दोर बांधणाऱ्यांनी तरी बघितलं असेल. मी इतकंच मागतोय.

परवा त्या आजींच्या गल्लीतून गेलो होतो. चौकटीला नवा रंग दिलाय, गडद तपकिरी. बिल्ला काढून ठेवलेला, नंबर सगळे रंगाखाली. माझा स्टिकर तेवढा उरलाय, तोही अर्धा रंगलेला. मोबाइल धरून पाहिला, स्कॅन होत नाही.

आपला,
एक नकाशे रेखणारा